एकक आकड्यासोबतच राहू द्या: गणिती सॉफ्टवेअरमधली एककं, पावसाचं पाणी आणि आयएस ४५६

पर्जन्यमापक (धागाकर्ता)

मुंबईत पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावर एकाच वेळी किती एककं असतात बघा. पाऊस मिलिमीटर प्रति तास. प्लॉटचं क्षेत्र आर्किटेक्टच्या नकाशात चौरस मीटर, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या तोंडी चौरस फूट, जुन्या कागदांवर चौरस वार. पाणलोट क्षेत्र हेक्टरमध्ये. पाइपचा व्यास मिलिमीटर, नाल्याची रुंदी मीटर. पंपाच्या पाटीवर घनमीटर प्रति तास, पंपवाल्याच्या कोटेशनमध्ये लिटर प्रति सेकंद. आणि पेपर उघडला की क्युसेक आणि टीएमसी.

हे सगळं सांभाळायची आपल्याकडची पद्धत म्हणजे कॉलमच्या डोक्यावर एकक लिहायचं आणि खाली नुसते आकडे भरायचे. मला ही पद्धत पुरेशी वाटत नाही. एकक हा आकड्याचाच भाग आहे, तो गणितात आकड्यासोबतच शिरला पाहिजे आणि जुळतंय की नाही हे सॉफ्टवेअरने प्रत्येक पायरीला तपासलं पाहिजे. ही सोय बऱ्याच पॅकेजेसमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. आपल्याकडे ती फार कमी लोक वापरतात, म्हणून हा धागा.

आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात साधं सूत्र घ्या, रॅशनल मेथड. प्रवाह = वाहून जाण्याचा गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्र. पुस्तकात हे सूत्र ३६० ने भागलेलं असतं. तो ३६० पावसातून आलेला नाही, एककांतून आलाय: तीव्रता मिमी/तास, क्षेत्र हेक्टर आणि उत्तर घनमीटर/सेकंद हवं असेल तरच तो बरोबर. एक हेक्टरवर तासाला एक मिलिमीटर म्हणजे तासाला दहा घनमीटर पाणी, त्याला ३६०० ने भागलं की १/३६०. यातलं एक जरी एकक बदललं तरी ३६० चुकीचा ठरतो, आणि स्प्रेडशीट तोंडातून अवाक्षर काढत नाही.

आता हेच पायथनच्या पिंट लायब्ररीत करा. गुणांक ०.९, तीव्रता ५० मिमी/तास, क्षेत्र १.२ हेक्टर. तिन्ही गुणले की पिंट सांगतं: ५४ हेक्टर·मिलिमीटर/तास. दिसायला विचित्र, पण पूर्ण खरं. ते लिटर/सेकंदमध्ये मागा, १५० येतात. ३६० कुठे लिहावाच लागला नाही. क्षेत्र १२,००० चौरस मीटर दिलं तरी १५०. एकर दिले, वार दिले, तरी १५०. आणि क्षेत्राच्या जागी चुकून नाल्याची लांबी गेली तर पिंट प्रवाहाच्या एककात रूपांतर करायला साफ नकार देतं, कारण लांबीला क्षेत्राची मिती नाही (मिती म्हणजे राशीचा प्रकार: लांबी, क्षेत्र, वेळ, बल वगैरे).

लोक म्हणतात, अनुभवी माणसाच्या नजरेतून अशी चूक सुटत नाही. हजारपटीची सुटत नाही हे खरं. वरच्या गणितात हेक्टरच्या जागी १२,००० गेले तर उत्तर १५०० घनमीटर/सेकंद येईल, ते पाहून कोणीही थांबेल. पण चौरस वार आणि चौरस मीटर यांच्यातला फरक जेमतेम वीस टक्क्यांचा. पाइप एक साइज वर-खाली होतो, उत्तर अगदी शहाण्यासारखं दिसतं आणि ड्रॉइंग पुढे जातं. घातक चुका या अशा, उत्तराला न बिघडवता वाकवणाऱ्या.

एक मर्यादाही सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. ते भागून सॉफ्टवेअर तुम्हाला ३९.३ मिमी/तास देईल, एककं चोख. ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पाणी-निचरा सुधारण्याच्या योजनेत नाले ताशी २५ वरून ५० मिमीच्या क्षमतेला न्यायचं ठरलं होतं. मग ३९ हा ५० पेक्षा कमीच की! पण त्या दिवशीचा बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला, आणि वर समुद्राची भरती. सरासरी किती वेळावर काढली हे एककात लिहिलेलं नसतं. ते आपणच बघायचं.

तुम्ही कोणतं पॅकेज वापरता, कुठे अडता, ते लिहा. स्ट्रक्चरलवाल्यांकडून विशेष अपेक्षा आहे.

घनफूट

चांगला विषय. पण मी ठेकेदारी करतो, साइटवरच्या पोराला पायथन शिकवणं माझ्याच्याने होणार नाही. एक्सेलमध्ये आमचं चालतं. आणि आमचं एकक म्हणजे ब्रास. रेती ब्रास, खडी ब्रास, रंगकाम आणि फरशी पण ब्रास. हे तुमच्या सॉफ्टवेअरला कळणार आहे का?

पर्जन्यमापक

घनफूट, तुम्ही नेमकं उदाहरण दिलंत. रेतीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, ९.२९ चौरस मीटर. नाव एक, मिती दोन. माणसं संदर्भावरून ओळखतात, एक्सेल ओळखत नाही. पिंटमध्ये स्वतःचं एकक एका ओळीत घालता येतं. तिथे रेतीचा ब्रास आणि फरशीचा ब्रास अशी दोन वेगळी नावं द्या. मग कोणी फरशीच्या ब्रासला रेतीच्या दराने गुणलं तर बिल रुपयांत निघणारच नाही, तिथेच अडेल. गुंठाही तसाच घालता येतो: ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर.

एक्सेलमध्ये कन्व्हर्ट हे फंक्शन आहे, पण ते आकडा बदलून देतं, एकक पुढच्या सेलमध्ये जात नाही. एक्सेलच वापरायचं असेल तर निदान एवढं करा: भरलेल्या प्रत्येक आकड्याच्या शेजारच्या सेलमध्ये एकक लिहा, सगळं एका शीटवर एसआयमध्ये आणा, आणि पुढची सगळी गणितं फक्त त्या शीटवरून करा. सूत्रांच्या पोटात ३.२८ आणि ०.०९२९ पेरलेले नकोत.

चिराबाजार

ब्रासवरून आठवलं, तोळ्याचंही तेच. जुन्या हिशेबाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज झवेरी बाजारात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. दशमान वजनांचा कायदा १९५६ चा, पण जुनी वही आणि आजचा भाव एकत्र आले की पाच तोळे ५८.३ ग्रॅमही असतात आणि ५० ग्रॅमही. इथे मिती तीच असल्यामुळे सॉफ्टवेअर अडवणार नाही. दोन वेगळी नावं देणं हाच उपाय.

खांबतुळई

स्ट्रक्चरलवाल्यांना हाक मारलीत, आलो.

मी बरीच वर्षं मॅथकॅडवर काम करतोय. आमच्या धंद्यात त्याला तोड नाही, कारण शीट वहीसारखी वाचता येते आणि एककं पहिल्यापासून त्यात आहेत. लोड किलोन्यूटन/मीटर, स्पॅन मीटर, सेक्शन मिलिमीटर, सगळं मिसळून लिहा. उत्तराच्या पुढच्या जागेत हवं ते एकक टाका, आकडा आपोआप बदलतो. मोमेंटच्या जागी किलोन्यूटन टाकलं तर उरलेला मीटर तुमच्यासमोर उभा राहतो. तपासणाऱ्याला याहून जास्त काय हवं? (जुन्या मॅथकॅडमध्ये एक काळजी घ्या: वस्तुमानासाठी एम नावाचं व्हेरिएबल केलंत तर त्याखालच्या शीटमध्ये मीटर गेला. आणि जी म्हणजे तिथे गुरुत्वत्वरण, ग्रॅम नव्हे.)

पण खरी गोम आपल्या कोडमधल्या सूत्रांत आहे, त्यावर सविस्तर लिहितो. आयएस ४५६:२००० या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय कोडमध्ये काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक = ५००० × √एफसीके. एफसीके म्हणजे काँक्रीटची दाब सोसण्याची ठरीव ताकद; तो न्यूटन/चौ.मिमीमध्ये घातला की उत्तर न्यूटन/चौ.मिमीमध्ये येतं. एम २५ काँक्रीटसाठी (एफसीके २५) √२५ = ५, म्हणून २५,००० न्यूटन/चौ.मिमी. सगळ्यांना पाठ आहे.

आता हेच एककांसकट टाका (१ न्यूटन/चौ.मिमी म्हणजेच १ मेगापास्कल). २५ मेगापास्कलचं वर्गमूळ ५ मेगापास्कलचा अर्धा घात. ५००० ने गुणलं की २५,००० मेगापास्कलचा अर्धा घात. हे मेगापास्कलमध्ये मागितलं की सॉफ्टवेअर नाही म्हणतं, आणि त्याचं बरोबर आहे. हे सूत्र प्रयोगांवरून बसवलेलं आहे, मितीने जुळणारं नाही. ५००० च्या पोटात एक एकक लपलंय.

इथे लोक वैतागून काय करतात? एकक काढून टाकतात आणि सॉफ्टवेअरच्या आतला आकडा घेतात. आतला आकडा पास्कलमध्ये असतो. २५ मेगापास्कल म्हणजे २,५०,००,००० पास्कल, त्याचं वर्गमूळ ५०००, गुणिले ५००० म्हणजे २.५ कोटी पास्कल. म्हणजे २५ मेगापास्कल. खऱ्या उत्तराच्या एक हजारांश! या गुणांकाने डिफ्लेक्शन काढलं तर तुळई हजारपट वाकेल. आणि मग लोक म्हणतात, एककांमुळे घोळ झाला. घोळ एकक काढण्यामुळे झाला.

योग्य रीत अशी: मुळाच्या आत एफसीकेला १ न्यूटन/चौ.मिमीने भागा, म्हणजे आत शुद्ध संख्या उरते. बाहेर ५००० ला न्यूटन/चौ.मिमीने गुणा. लिहायला दोन शब्द जास्त, पण सूत्र कोणत्याही एककातल्या एफसीकेला खरं उतरतं. ०.७√एफसीके हे फ्लेक्शरचं (वाकताना काँक्रीट किती ताण सोसतं त्याचं) सूत्रही असंच लिहायचं, एम २५ ला ३.५ आलं पाहिजे. ऑफिसच्या टेम्पलेटमध्ये कोडमधली अशी सगळी सूत्रं एकदाच नीट बांधून ठेवावीत आणि कोणालाही ती नव्याने टाइप करू देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये याची फार गरज पडते. दादर, गिरगावच्या जुन्या ड्रॉइंगवर एम २५० लिहिलेलं सापडतं. तो किलो-बल प्रति चौ.सेमीचा आकडा, म्हणजे २४.५ न्यूटन/चौ.मिमी. आणि ड्रॉइंगवर नुसतं 'किलो' असलं तरी ते बल आहे, वस्तुमान नाही. सॉफ्टवेअरमध्ये किलोग्रॅम-फोर्स हे वेगळं एकक असतं, तेच निवडा, नाहीतर ९.८१ कुठेतरी एकदा कमी किंवा एकदा जास्त लागतो.

प्रश्नचिन्ह

खांबतुळई सर, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. मी दुसऱ्या वर्षाला आहे, सिव्हिल. आम्हाला कॉलेजात मॅटलॅब आहे. त्यात हे होतं का?

शीवकर

होतं. मॅटलॅबच्या सिम्बॉलिक टूलबॉक्समध्ये २०१७ पासून सिम्युनिट आहे. एककं घाला, युनिटकन्व्हर्टने बदला, चेकयुनिट्सने समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळतात का ते विचारा. मी फिजिक्स शिकवतो, आणि ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते: मुलांनी सूत्र सोडवण्याआधी त्याची मिती तपासावी हे आम्ही फळ्यावर घसा फोडून सांगतो, इथे एका ओळीत होतं.

पण तापमानाला जपा. मॅटलॅब २३ सेल्सियस हे तापमानातला फरक म्हणून धरतं. केल्विनमध्ये बदललं तर २३ केल्विनच येतात. प्रत्यक्ष तापमान हवं असेल तर 'अॅब्सोल्यूट' असं वेगळं सांगावं लागतं, मग २९६.१५ येतात. पिंट याच्या उलट वागतं: तिथे २५ सेल्सियस हे प्रत्यक्ष तापमान. त्याची दुप्पट मागितली तर ते एरर देतं, कारण पंचवीस अंशांची दुप्पट या म्हणण्याला भौतिकशास्त्रात अर्थ नाही. मात्र ३० मधून २० वजा केले तर दहाचा 'डेल्टा' सेल्सियस मिळतो, हे एकक वेगळं. मॅथमॅटिकातही सेल्सियस आणि सेल्सियस-फरक अशी दोन वेगळी नावं आहेत.

याचं महत्त्व कळावं म्हणून एक गणित. १०० मीटरचा स्टीलचा गर्डर, प्रसरण गुणांक १२ × १०⁻⁶ प्रति अंश, तापमानवाढ १५ अंश. लांबी १८ मिमीने वाढेल. तेच १५ अंश प्रत्यक्ष तापमान समजून कोणी २८८.१५ केल्विन केले तर वाढ ३४६ मिमी. एक्सपान्शन जॉइंटची रचनाच बदलते. एकक केल्विन, मिती तापमान, सगळं जुळलेलं, आणि उत्तर चूक. म्हणून फरकाला फरकाचंच एकक द्या.

दुसरी गोष्ट कोनाची. रेडियन एसआयमध्ये मितीहीन आहे, आणि सॉफ्टवेअर ते तसंच पाळतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पिंटला ते रेडियन/सेकंदमध्ये मागा, ते ५० म्हणतं. आपल्याला हवे असतात ३१४.१६. २π आपणच गुणायचा. फिरणाऱ्या यंत्रांच्या गणितात मी मुलांना आवर्तन हे एकक स्पष्ट लिहायला लावतो, मग २π हरवत नाही. टॉर्क आणि ऊर्जेचंही असंच. दोन्ही न्यूटन·मीटर. मोटरचा टॉर्क ज्यूलमध्ये मागितला तर बहुतेक पॅकेजेस मुकाट देतात. मिती जुळणं ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. हे वाक्य मी परीक्षेतही विचारतो.

पवईचा_विद्यार्थी

शीवकर सर, रेडियनचं +१.

मी संगणकीय बाजूने थोडं लिहितो. संशोधनाचं सगळं काम पायथन आणि थोडं जुलिया. एककांविरुद्ध पहिली तक्रार असते ती वेगाची, आणि ती निम्मी खरी आहे. लाखभर वेगवेगळ्या क्वांटिटींची (एकक लावलेल्या आकड्यांची) लिस्ट केलीत तर पिंट रांगेल, कारण प्रत्येक बेरजेला ते एककं तपासतं. पण नमपायचा (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा) एकच मोठा अॅरे घेऊन त्याला एकदाच एकक लावलं तर तपासणीही एकदाच होते आणि फरक जवळजवळ जाणवत नाही. जुलियातलं युनिटफुल आणखी पुढचं आहे: एकक प्रकारातच गुंफलेलं असतं, त्यामुळे तपासणी कंपाइल होताना उरकते. एफ-शार्प भाषेतही तसंच, एककं कंपाइलर तपासतो आणि चालताना ती नसतातच.

दोन सापळे रोजचे. एक, पिंटमध्ये युनिट रजिस्ट्री, म्हणजे एककांच्या व्याख्यांची यादी, एकच असावी. प्रत्येक फाइलमध्ये नवी रजिस्ट्री केलीत तर एका फाइलमधला मीटर दुसरीतल्या मीटरशी बेरीज करायला तयार होत नाही. एका छोट्या मॉड्यूलमध्ये ती तयार करा आणि सगळीकडे तिथूनच आणा. दोन, काही नमपाय फंक्शनांतून जाताना एकक गळून पडतं. पिंट 'युनिट स्ट्रिप्ड' अशी वॉर्निंग देतं. ती वॉर्निंग बंद करू नका, उलट तिला एररमध्ये बदला.

आणि एक जागा जिथे मी एककं मुद्दाम काढतो. फ्रेमचा स्टिफनेस मॅट्रिक्स, म्हणजे सांगाड्याच्या ताठपणाच्या आकड्यांचा तक्ता. त्यात काही पदं न्यूटन/मीटर, काही न्यूटन, काही न्यूटन·मीटर, कारण सरकणं आणि फिरणं दोन्ही आहेत. अॅरेला एकच एकक लागतं, इथे तीन आहेत. अशा सॉल्व्हरच्या दारातच सगळं ठरलेल्या एसआय एककांत आणून उतरवायचं, आत नुसते आकडे, बाहेर पडताना पुन्हा एकक लावायचं. पिंटमध्ये त्यासाठी 'रॅप्स' नावाचं डेकोरेटर आहे: आत येणारं कशात हवं आणि बाहेर काय द्यायचं ते एकदा लिहा, बाकी ते बघतं. एकक काढायला हरकत नाही. ते एकाच दारात, सगळ्यांसमोर काढा.

सिम्पाय (पायथनमधली बीजगणिताची लायब्ररी) वापरणाऱ्यांना एक सूचना. तिथे मीटर अधिक सेकंद लिहिलंत तर एरर येत नाही, दोन चिन्हांची बेरीज म्हणून ते तसंच पुढे जातं. सिम्पायमधली एककं म्हणजे चिन्हंच. तपासणीसाठी त्यावर विसंबू नका.

मेपलवाला

मेपल आणि मॅथमॅटिका दोन्ही वापरलेत, थोडक्यात लिहितो.

मेपलमध्ये एककं लावली तरी ती आपोआप एकत्र होत नाहीत. युनिट्सचं स्टँडर्ड पॅकेज लावल्यावर बेरीज-गुणाकाराला एककं समजू लागतात. मात्र त्यात किंमत न दिलेलं अक्षर मितीहीन धरलं जातं, त्यामुळे क्ष + ३ मीटर लिहिलं की एरर. बीजगणित करायचं असेल तर 'सिम्पल' पॅकेज घ्या, ते अज्ञाताला कोणतीही मिती असू शकते असं मानतं. नव्या माणसाचे निम्मे प्रश्न इथे सुटतात.

मॅथमॅटिकात क्वांटिटी आवृत्ती ९ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. तुम्ही एकक कसंही लिहिलंत तरी ते ओळखतं, पण त्यासाठी ते नेटवरून विचारणा करतं. ऑफिसात नेट बंद असेल तर काम अडतं. एककांची पूर्ण, अधिकृत नावं लिहायची सवय लावा, मग नेट लागत नाही.

आणि सगळ्यांसाठी: मिली आणि मेगा. लहान एम आणि मोठा एम यांच्यात १०⁹ चा फरक आहे. घाईत मिलिपास्कल टाइप होतं आणि मिती जुळत असल्यामुळे कोणी अडवत नाही.

घनफूट

वाचतोय सगळं. शेजारच्या सेलमध्ये एकक लिहिण्याचं सुरू केलं आहे. फरशीच्या बिलाला 'चौ. ब्रास' आणि रेतीला 'घ. ब्रास' असं ठेवलं. एक विचारायचं होतं: दोन सॉफ्टवेअरमधून डेटा जातो तेव्हा काय? सर्व्हेवाल्याची फाइल येते, त्यात नुसते आकडे असतात.

पर्जन्यमापक

सगळ्यात नाजूक जागा तीच. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ गमावलं ते याच जागी. जमिनीवरचा एक प्रोग्राम थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पौंड-बल·सेकंदमध्ये फाइलीत टाकत होता, दुसरा ते न्यूटन·सेकंद समजून वाचत होता. फरक ४.४५ पट. ठरलेलं एकक न्यूटन·सेकंद होतं, पहिल्या प्रोग्रामने ते पाळलं नाही. नुसत्या आकड्यांवरून ते दिसत नाही.

त्यामुळे फाइल घेताना पहिली ओळ नावांची असेल तर दुसरी एककांची असावी, हा आग्रह सर्व्हेवाल्याकडे धरा. आणि वाचताक्षणी आकड्यांना एकक लावा. नंतर लावू म्हटलं की राहतं.

हे धरणांच्या बातम्यांनाही लागू आहे. मुंबईच्या सात तलावांचा साठा पेपरात दशलक्ष लिटरमध्ये येतो, कोयनेचा टीएमसीत. तुलना करायची तर एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २८,३१७ दशलक्ष लिटर. सातही तलाव भरले की साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास, म्हणजे साधारण ५१ टीएमसी. कोयना १०५ टीएमसीची. ज्यांना एवढंच झटपट बघायचं असेल त्यांच्यासाठी ग्नू युनिट्स हा छोटा मोफत प्रोग्राम आहे. मिती जुळली नाही तर तोही ठणकावून सांगतो.

प्रश्नचिन्ह

मी पिंट टाकून तुमच्या १.२ हेक्टरच्या प्लॉटचा पाइप काढायला घेतला. मॅनिंगचं सूत्र: वेग = (१/एन) × त्रिज्येचा २/३ घात × उताराचं वर्गमूळ. पाइप ५०० मिमी, भरून वाहतोय, म्हणून जलीय त्रिज्या १२५ मिमी. उतार ५०० ला १, एन (पाइपच्या खडबडीतपणाचा गुणांक) ०.०१३. उत्तर मीटर/सेकंदमध्ये मागितलं तर डायमेन्शनॅलिटी एरर. त्याच्या मते ते मीटरचा २/३ घात आहे. सूत्र तर पुस्तकातलंच आहे, मग का अडतंय?

खांबतुळई

आमच्या ५००० चाच भाऊ. हेही प्रयोगावरचं सूत्र. अंशातला १ नुसता १ नाही.

पर्जन्यमापक

खांबतुळई म्हणतात तेच. त्या १ ला मीटरचा १/३ घात प्रति सेकंद असं एकक द्या. फुटांतल्या पुस्तकात त्याच जागी १.४८६ लिहिलेला असतो, तो ३.२८ चं घनमूळ आहे, दुसरं काही नाही. तो न घालता फुटांत गणित केलं तर तुमच्या पाइपचा वेग ०.८६ च्या जागी ०.५८ मीटर/सेकंद येतो. अगदी पटण्यासारखा आकडा, आणि चूक. १ ला एकक दिलंत की त्रिज्या फुटांत द्या नाहीतर मिलिमीटरमध्ये, फरक पडणार नाही.

प्रश्नचिन्ह

आलं! ०.८६ मीटर/सेकंद. क्षेत्राने गुणून लिटर/सेकंद मागितले, १६९. हवेत १५०. म्हणजे ५०० मिमी चालेल ना?

पर्जन्यमापक

नव्या पाइपला चालेल. पण मुंबईत पहिल्याच पावसाळ्यात तळाशी गाळ बसतो, एन ०.०१३ राहत नाही. ०.०१५ घालून बघा.

प्रश्नचिन्ह

१४६ येतात. कमी पडतात.

पर्जन्यमापक

६०० मिमी घ्या. त्याच उताराला, ०.०१५ धरून २३८ मिळतील. वीस टक्क्यांची चूक कुठे कळ काढते ते आता दिसलं असेल: वाराच्या जागी मीटर धरला असता तर हा सगळा फरक त्यातच झाकला गेला असता. तुमची फाइल इथे टाका, घनफूट यांच्या दोन्ही ब्रासची व्याख्या त्यातच घालून देतो.